चौलच्या खाडीतले रुमी

शनिवारी पहाटे निगडीतून, चिखलीतून, मोशीतून गाड्या बाहेर पडतात आणि खोपोली, पेण, वडखळ करत अलिबागच्या किनाऱ्याला लागतात. मुक्काम नागावला किंवा काशिदला, रविवारी रात्री परत, कारण सोमवारी पहिली पाळी. अलिबागहून मुरूडकडे निघाले की चौल सरता सरता रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांत शिरतो आणि एका जाड, काळ्या तटातून आरपार जातो. तटाच्या आत वसलेले गाव म्हणजे रेवदंडा. पुढे कुंडलिकेवरचा साळावचा पूल, पलीकडे कोर्लईचा डोंगर, मग काशिदची वाळू. या टप्प्यात फार थोड्या गाड्या थांबतात. लोकांना समुद्र हवा असतो, आणि समुद्र पुढे आहे.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या माणसाने तरी इथे थांबायला हवे, असे मला मनापासून वाटते. आपल्या या पट्ट्याचे जगाशी जे जुने नाते आहे, ते बऱ्याच अंशी याच खाडीतून जुळले. घोडे इथे उतरले, कापड इथून गेले, रशियाचा व्यापारी इथून चालत जुन्नरला आला. आणि पाचशे वर्षांपूर्वी याच खाडीत जी लढाई झाली, तिचा धागा तुर्कस्तानच्या किनाऱ्यापर्यंत जातो. आज जगभरचे प्रवासी सुट्टीला ज्या बोडरूमला जातात, तिथला किल्ला ज्यांनी बांधला ते योद्धेही याच युद्धात उतरले होते.

चौल फार जुने बंदर. टॉलेमीच्या भूगोलात ते आहे, कान्हेरीच्या लेण्यांत चेमुलच्या दात्यांची नावे आहेत, अरब प्रवाशांनी त्याला सैमूर म्हटले. इथे उतरलेला माल बोरघाटाने देशावर चढत असे, आणि त्या वाटेच्या खुणा आपल्या अंगणातच आहेत: कार्ले, भाजे, बेडसे. कार्ल्याच्या चैत्यातल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवन दात्यांची नावे कोरली आहेत. महाशिवरात्रीला पिंपरी-चिंचवडची हजारो माणसे देहूरोडपलीकडच्या ज्या घोरावडेश्वराच्या डोंगरावर चढतात, त्या शेलारवाडीच्या लेण्यांतही धेनुकाकटच्याच एका शेतकऱ्याच्या पत्नीच्या दानाचा लेख आहे. बंदराच्या वाटेवरची श्रीमंती शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोचली होती, असे त्या लेखावरून म्हणायला हरकत नाही.

इ.स. ९१६च्या सुमारास बगदादचा अल-मसूदी सैमूरला आला. तेव्हा राज्य शिलाहार झंझ राजाचे. मसूदी लिहितो की इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, कोणी सिराफचे, कोणी ओमानचे, कोणी बसऱ्याचे. कित्येकांचा जन्म इथलाच. आणि त्यांचा न्यायनिवाडा करायला राजाने त्यांच्यातलाच एक मुखत्यार नेमला आहे. परक्याला जागा द्यायची, त्याचा धर्म त्याच्याकडे राहू द्यायचा आणि जकात वसूल करायची, ही या बंदराची रीत होती. पुढची सहाशे वर्षे ती राज्ये बदलली तरी टिकली.

बहमनी काळात या बंदरावरचा सर्वांत मोलाचा जिन्नस घोडा होता. दख्खनच्या हवेत लढाऊ घोड्याची पैदास नीट होत नाही. अरबस्तान आणि इराणचे घोडे होर्मुझला गलबतांवर चढत आणि चौल, दाभोळला उतरत. घोड्यांबरोबर माणसेही येत: इराणी, अरब, तुर्क. दख्खनच्या दरबारांत त्यांना आफाकी किंवा गरीब म्हणत. इथे गरीब म्हणजे परदेशी. तलवार, हिशेब आणि फारसी या तिन्हींत ते तरबेज असल्याने सुलतान त्यांना बढत्या देत, आणि इथले दख्खनी सरदार मनात जळत. या जळफळाटाची सर्वांत भीषण घटना आपल्या चाकणमध्ये घडली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

चाकणचा किल्ला म्हटला की आपल्याला फिरंगोजी नरसाळा आठवतो, १६६०चा शाइस्ताखानाचा वेढा आठवतो. ते योग्यच आहे. पण त्याच्या दोनशे वर्षे आधी, पंधराव्या शतकाच्या मध्यावर, बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदाने मलिक-उत-तुज्जार ही पदवी असलेल्या खलफ हसन बसरीला कोकणपट्टी जिंकायला पाठवले. हा मूळचा बसऱ्याचा व्यापारी. त्याने ठाणे मांडले ते चाकणला. घाटावर राहून समुद्रावर नजर ठेवायची तर ही जागा मोक्याची, हे त्याला कळले होते. चाकणहून तो कोकणात उतरला. शिर्क्यांनी त्याला खेळण्याच्या, म्हणजे आजच्या विशाळगडाच्या, जंगलात नेले आणि त्या दाट रानात रात्री त्याची फौज कापली गेली. तोही मारला गेला.

वाचलेले परदेशी सैनिक कसेबसे चाकणला परतले. तेवढ्यात दख्खनी सरदारांनी सुलतानाकडे कागद पाठवला की हे लोक फितूर आहेत. हुकूम सुटला, चाकणला वेढा पडला. दोन महिने किल्ला हाती येईना तेव्हा अभयाची शपथ देऊन त्यांना बाहेर काढले, मेजवानीला बोलावले आणि तिथे कत्तल केली. इतिहासकार फिरिश्ता मेलेल्यांत बाराशे सय्यद आणि सुमारे हजार इतर परदेशी मोजतो. आकडा थोडा इकडचा तिकडचा असेल, पण घटना खरी. काही जण लढत निसटले, सुलतानापर्यंत पोचले आणि खरी हकिकत कळल्यावर त्याने कारस्थान करणाऱ्यांना शिक्षा केल्या. मेलेले मात्र चाकणच्या मातीतच राहिले. आज त्या परिसरात जर्मन, कोरियन, जपानी माणसे कारखान्यांत कामाला असतात. परदेशी माणूस चाकणला नवा नाही.

यानंतर वीसेक वर्षांत, १४६९च्या आसपास, चौलच्या धक्क्यावर एक रशियन उतरला. त्वेर गावचा अफनासी निकितिन. व्होल्गा नदीवर तातारांनी त्याचा माल लुटला होता, म्हणून नशीब काढायला तो दक्षिणेकडे सरकत होर्मुझपर्यंत आला आणि एक घोडा घेऊन जहाजावर चढला. चौलला उतरल्यावर इथल्या लोकांचे उघडे अंग, उघडे डोके, एकच वेणी आणि आपल्या गोऱ्या कातडीकडे लोकांचे टक लावून पाहणे, हे सगळे त्याने टिपून ठेवले. मग तो पाली, उमरी अशा वाटेने चालत जुन्नरला पोचला. पावसाळा सुरू झाला होता. जुन्नरचा सुभेदार असदखान याने त्याचा घोडा ओढून घेतला आणि सांगितले: मुसलमान हो, घोडाही देतो आणि सोन्याची नाणीही. मुदत चार दिवसांची. खुरासानच्या एका माणसाने मध्यस्थी केली, घोडा परत मिळाला आणि निकितिनचा धर्मही वाचला.

त्याच्या लिखाणातली जुन्नरची पाने मी पुन्हा पुन्हा वाचतो. किल्ल्यावर जाणारी एकेका माणसापुरती वाट, चार महिने उसंत न घेणारा पाऊस, चिखल, घोड्याच्या खुराकाचा खर्च. जुन्नरच्या पावसाचे इतके जिव्हाळ्याचे वर्णन त्या काळच्या इथल्या माणसाचे आपल्यापर्यंत आलेले नाही, ते एका परक्याने करून ठेवले. परत जाताना तो दाभोळहून निघाला, होर्मुझ, तब्रीझ करत काळ्या समुद्रावरच्या त्राबझोनला पोचला. ते दहा-बारा वर्षांपूर्वीच तुर्कांनी जिंकले होते. तिथल्या अधिकाऱ्यांनी तो हेर असल्याच्या संशयाने त्याची झडती घेतली आणि बरेच सामान लंपास केले. मायदेशाच्या वाटेवर, स्मोलेन्स्कच्या जवळ, घरी पोचण्याआधीच तो वारला. चौलपासून तुर्की किनाऱ्यापर्यंतची वाट पायांनी आणि गलबतांनी तुडवून ती लिहून ठेवणारा माणूस म्हणून तो आपल्या इतिहासाचाही आहे. रेवदंड्यात २००२मध्ये त्याचे स्मारक उभारले गेले. तटातून आत गेलात की चौकशी करा, गावकरी दाखवतात.

आता ज्या लढाईसाठी हे सारे सांगितले, तिच्याकडे येतो.

१४५३मध्ये उस्मानी तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतले ते अजस्र तोफांच्या बळावर. तेव्हापासून तोफ ओतावी आणि डागावी ती त्या मुलखातल्या माणसाने, असा लौकिक पसरला. त्या मुलखाला आपल्याकडे रूम म्हणत आणि तिथल्या माणसाला रुमी. १४९८मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला आणि मिऱ्यांचा व्यापार आफ्रिकेला वळसा घालून लिस्बनकडे जाऊ लागला. त्याचा पहिला फटका कैरोला बसला. इजिप्तचा मामलुक सुलतान कानसूह अल-घुरी याचा खजिना तांबड्या समुद्रातून येणाऱ्या मसाल्यावर चालत असे. त्याने हिंदुस्थानकडे आरमार पाठवायचे ठरवले.

पण इजिप्तला जंगल नाही. जहाजे बांधायला लाकूड आणावे लागे ते अनातोलियाच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरून. ते समुद्रमार्गे अलेक्झांड्रियाला यायचे, तिथून नाईल नदी आणि उंटांच्या पाठीवरून सुएझला पोचायचे, आणि सुएझला त्याची जहाजे व्हायची. अनातोलियाच्या डोंगरउतारांवरच्या झाडांच्या फळ्या अशा रीतीने पुढे कुंडलिकेच्या खाडीत आल्या. आरमाराचा प्रमुख अमीर हुसेन हा कुर्द होता. खलाशी आणि गोलंदाज तुर्क, मगरिबी, मामलुक असे मिसळलेले. पोर्तुगिजांनी आणि इथल्या लोकांनी सरसकट सगळ्यांना रुमी म्हटले.

मार्च १५०८. चौल निजामशाहीचे बंदर. पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा मुलगा लॉरेन्सो कोचीनच्या व्यापारी गलबतांना संरक्षण देत आला होता आणि खाडीत नांगर टाकून होता. समुद्राकडून शिडे दिसली. पोर्तुगिजांची समजूत झाली की ही आल्बुकर्कची जहाजे, आपलीच. सावध व्हायला उशीर झाला आणि अमीर हुसेनचे आरमार थेट खाडीत शिरले. दिवसभर तोफा आणि बाण चालले, निकाल लागला नाही. मग दीवचा कारभारी मलिक अयाझ आपल्या हलक्या, चपळ होड्यांचा तांडा घेऊन अमीर हुसेनच्या मदतीला आला आणि पारडे फिरले. पोर्तुगिजांनी ओहोटीबरोबर बाहेर पडायचे ठरवले. लॉरेन्सोच्या जहाजाला भोक पडून पाणी भरत होते. जड झालेले ते जहाज प्रवाहात भरकटले आणि कोळ्यांनी जाळी लावायला खाडीत रोवलेल्या खुंटांत अडकले.

चौलच्या कोळ्यांच्या खुंटांनी पोर्तुगिजांचे मुख्य जहाज धरून ठेवले, ही बाब मला या लढाईतली सर्वांत मोठी वाटते. पोर्तुगीज बखरकारांनी ती नोंदवली आहे. त्या कोळ्यांची नावे कोणी लिहिली नाहीत, आणि त्यांनी मुद्दाम काही केलेही नव्हते; भरती-ओहोटी बघून मासे पकडायची जी जागा त्यांच्या आज्यापणज्याने ठरवली, तिथे ते खुंट होते. परक्या दोन आरमारांच्या लढाईचा निकाल खाडीच्या तळाने आणि कोळ्याच्या रोजच्या कामाने लागला. लॉरेन्सोचा पाय गोळ्याने मोडला. त्याने स्वतःला डोलकाठीला बांधून घेतले आणि लढाई चालू ठेवली. दुसरा गोळा छातीत बसला. जहाज बुडाले. हिंदी महासागरात पोर्तुगिजांचा हा पहिला मोठा पराभव. जिवंत सापडलेल्यांना मलिक अयाझने नीट वागवले, जखमींवर उपचार केले. तो दूरदृष्टीचा माणूस होता आणि बाप सूड घ्यायला येणार हे त्याने ओळखले होते.

बाप आला. डिसेंबरअखेर त्याने दाभोळ जाळले, लेकराबाळांसह माणसे कापली. ३ फेब्रुवारी १५०९ला दीवच्या समुद्रात त्याने अमीर हुसेनचे आरमार मोडले, आणि पकडलेल्या रुमींना कन्नूरला तोफांच्या तोंडी दिले. पोर्तुगिजांचे कोकणातले पुढचे राज्य समजून घ्यायचे तर दाभोळ विसरून चालणार नाही.

सुलतान घुरीने दुसरे आरमार बांधायला घेतले. पुन्हा लाकूड लागले, पुन्हा अनातोलियाचा किनारा. ऑगस्ट १५१०मध्ये आयास बंदराजवळ लाकूड भरायला आलेल्या त्याच्या जहाजांवर ऱ्होड्स बेटाच्या ख्रिस्ती योद्ध्यांनी झडप घातली आणि ताफा नष्ट केला. त्यांचा एक सेनानी आंद्रे दो आमाराल हा जन्माने पोर्तुगीजच. याच योद्ध्यांच्या संघाने पंधराव्या शतकाच्या आरंभी बोडरूमला सेंट पीटरचा किल्ला बांधला होता, जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक असलेल्या मावसोलसच्या कबरीचे दगड काढून. भूमध्य समुद्रात लाकूड बुडाले आणि त्यामुळे कोकणच्या समुद्रात पोर्तुगिजांना श्वास घ्यायला वेळ मिळाला. १५१७मध्ये उस्मानी सुलतान सलीमने कैरो घेतले तेव्हा सुएझची गोदी तुर्कांकडे आली. १५२२मध्ये त्याच्या मुलाने, सुलेमानाने, ऱ्होड्सला वेढा घातला आणि त्या बेटाबरोबर बोडरूमचा किल्लाही घेतला. पण एव्हाना इकडे बराच उशीर झाला होता.

चौलला काय झाले होते? निजामशहाने व्यवहार पाहिला. अहमद निजामशहाने १४९०मध्ये जुन्नरहून स्वतंत्र राज्य थाटले तेव्हापासून चौल हे या राज्याचे नाक. समुद्रावर पोर्तुगिजांशी लढणे शक्य नाही आणि घोडे तर हवेत. म्हणून बुऱ्हाण निजामशहाच्या काळात १५१६मध्ये त्यांना वखारीची आणि १५२१मध्ये किल्ल्याची परवानगी मिळाली. खाडीच्या मुखाशी रेवदंड्याला पोर्तुगिजांचे चौल आणि आत वरच्या अंगाला निजामशाहीचे चौल, अशी जोडशहरे झाली. एकीकडे चर्चचे मनोरे, दुसरीकडे मशीद, हमाम आणि रामेश्वराचे देऊळ. दोन्हीकडचे व्यापारी एकमेकांवर अवलंबून. चौलचे रेशमी आणि सुती कापड होर्मुझमार्गे दूरवर जाई.

पण निजामशहाने दुसरा डाव घरात मांडला. समुद्र सुटला तरी तोफा सोडायच्या नाहीत, म्हणून त्याने रुमी कारागीर ठेवले. १५४९मध्ये अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रुमी याने पंचधातूची एक तोफ ओतली. वजन सुमारे ५५ टन, तोंड सिंहाच्या जबड्याचे आणि त्या जबड्यात हत्ती. हीच मलिक-ए-मैदान. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर होती. १६३२मध्ये मुरारपंताने ती विजापूरला नेली आणि तिथल्या बुरुजावर ती आजही आहे. कारखान्यात काम करणाऱ्या माणसाने ही तोफ जरूर बघावी. पिंपरी-भोसरीच्या फौंड्रीत ज्यांनी वितळलेला धातू साच्यात उतरताना पाहिला आहे, त्यांना ५५ टन धातू एका ओतकामात कसा जमवला असेल, किती भट्ट्या एकाच वेळी तापवल्या असतील, पोकळी राहू नये म्हणून काय केले असेल, हे प्रश्न पडतीलच. ओतकामाचे ते ज्ञान तुर्कांकडून अहमदनगरला आले आणि इथल्या कामगारांच्या हातून उतरले. १५६५मध्ये विजयनगरविरुद्धच्या लढाईत निजामशाही तोफखाना चलबी रुमीखानाकडे होता. त्याने जवळच्या माऱ्यासाठी तोफांत तांब्याची नाणी भरून डागली, असे फिरिश्ता सांगतो.

त्या विजयाने धीर आलेल्या दख्खनच्या सुलतानांनी पोर्तुगिजांना समुद्रात ढकलायचे ठरवले. आदिलशहाने गोवा घ्यायचे, मुर्तजा निजामशहाने चौल, कालिकतच्या सामुरीने दक्षिणेकडून साथ द्यायची. १५७०च्या शेवटी फरहादखानाने रेवदंड्याला वेढा घातला, मागून निजामशहा स्वतः मोठी फौज घेऊन आला. सहा महिन्यांहून जास्त काळ तोफा चालल्या. तटाबाहेरची घरे, मठ जमीनदोस्त झाले. घराघरासाठी लढाई झाली. आत फ्रान्सिस्को मास्कारेन्यश आणि किल्लेदार लुइश फ्रेर द आंद्राद यांनी तग धरला. कारण साधे होते: जमिनीकडची बाजू निजामशहाची, पण समुद्राची बाजू मोकळी. गोव्याहून, वसईहून धान्य, दारूगोळा, माणसे येत राहिली. फिरिश्ता आणखी एक कारण देतो, आणि ते कडू आहे: निजामशाही सरदारांनी पोर्तुगिजांकडून लाच घेऊन आत रसद जाऊ दिली. जुलै १५७१मध्ये तह झाला.

त्याच वर्षी ऑक्टोबरात लेपांटोच्या समुद्रात उस्मानी आरमाराचा पराभव झाला. चौल आणि लेपांटो या दोन लढायांचा परस्पर संबंध नाही, पण समुद्रावर कोणाची सत्ता राहणार याचे उत्तर त्या एका वर्षाने दोन्हीकडे सारखेच दिले. ज्याच्याकडे आरमार नाही, त्याच्या जमिनीवरच्या तोफा कितीही मोठ्या असल्या तरी बंदर हाती येत नाही. हा धडा पुढे शिवाजी महाराजांनी घेतला आणि आरमार उभारले. निजामशाहीच्या चाकरीत वाढलेल्या शहाजीराजांच्या मुलाने तो घ्यावा, यात मला सलगपणा दिसतो.

पुढचे थोडक्यात सांगता येईल. समोरच्या कोर्लईच्या टेकडीवर निजामशहाने किल्ला बांधायला घेतला, तो सप्टेंबर १५९४मध्ये पोर्तुगिजांनी जिंकला. १६२२मध्ये होर्मुझ पोर्तुगिजांच्या हातून गेले, १६३६मध्ये निजामशाही संपली, व्यापार सुरतेला आणि नंतर मुंबईला सरकला, चौलचे विणकरही मुंबईकडे गेले. १६८३मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने रेवदंड्याला वेढा घातला, आणि तो उठवायला व्हाइसरॉयला फोंड्यावर चाल करून जावे लागले. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि १७४०च्या तहाने रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांना मिळाले. खाडी गाळाने भरत गेली. वाड्या वाढल्या.

आज तिथे काय आहे? रेवदंड्याच्या समुद्राकडच्या तटावरून ओहोटीच्या वेळी चालता येते. सातखणी मनोरा आहे, मोडक्या चर्चच्या भिंती आहेत, झाडांच्या मुळांनी गिळलेल्या कमानी आहेत. चौलमध्ये हमामखान्याचे अवशेष आहेत. वाफेच्या स्नानाची ती खास तुर्की-इराणी रीत, घुमटाला उजेडासाठी ठेवलेल्या भोकांसह. बेने इस्रायली समाजाचे सिनेगॉग रेवदंड्यात आहे. भोवाळ्याच्या डोंगरावर दत्तजयंतीची यात्रा भरते. आणि कोर्लईत एक जिवंत वास्तू आहे: भाषा. तिथल्या ख्रिस्ती वस्तीतली हजारएक माणसे घरात जी बोली बोलतात, तिला ते नो लिंग, म्हणजे आमची भाषा, म्हणतात. पोर्तुगीज शब्द आणि मराठीच्या वळणाची वाक्ये. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली, पुस्तक नाही, शाळा नाही, तरी आयांनी ती मुलांना दिली.

बोडरूमही शंभर वर्षांपूर्वी स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांचे गरीब गाव होते. १९२५मध्ये जेवात शाकिर नावाच्या लेखकाला शिक्षा म्हणून तिथे धाडले. तो त्या गावाच्या प्रेमात पडला आणि जन्मभर त्यावर लिहीत राहिला. त्याच्या लिखाणामुळे लोक येऊ लागले. किल्ल्यात समुद्रतळाच्या पुरातत्त्वाचे संग्रहालय झाले. १९८२मध्ये एका स्पंजवाल्याला उलुबुरुनजवळ पाण्याखाली सापडलेले तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे जहाज, त्यातला तांब्याचा आणि काचेचा माल, सगळे त्या किल्ल्यात नीट मांडलेले आहे. समुद्रात डुंबायला आलेला माणूस तासभर किल्ल्यात जातो आणि ते शहर किती जुने आहे हे समजून परत जातो.

रेवदंड्याला हे करायला फार पैसा लागत नाही. वेशीवर चार नीट मराठी फलक, एका जुन्या इमारतीत छोटे संग्रहालय, बंदरापासून घोरावडेश्वर, चाकण, जुन्नरपर्यंतच्या वाटेचा मोठा नकाशा, कोर्लईच्या बोलीची ध्वनिमुद्रणे. चाकण आणि पिंपरीचे मोठे कारखाने सामाजिक कामासाठी दरवर्षी पैसा काढून ठेवतात. त्यांच्या गाड्या आज त्याच बोरघाटाने उतरून मुंबई बंदरातून जगभर जातात, जशा एके काळी घोड्यांच्या रांगा चौलहून वर चढत. त्या पैशातला थोडा भाग या तटासाठी यावा, आणि आपल्या शाळांच्या सहली काशिदला जाताना दोन तास इथे थांबाव्यात, एवढी माझी विनंती आहे. तुम्ही पुढच्या वेळी त्या काळ्या तटातून जाल तेव्हा गाडी बाजूला लावा आणि ओहोटीची वेळ गावकऱ्यांना विचारून घ्या.